घरची वही आणि सरकारी दप्तर : पूर्वजांचा शोध

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आबू पर्वतावरील देलवाड्याच्या लूणवसही मंदिरात कवी सोमेश्वराने रचलेली एक प्रशस्ती आहे. विक्रम संवत १२८७ हा तिचा काळ. मंदिर बांधविणारे मंत्री तेजपाल हे प्राग्वाट, म्हणजे पोरवाड ज्ञातीचे. या प्रशस्तीत त्यांचे कुळ क्रमाने आले आहे : चंडप, त्यांचे पुत्र चंडप्रसाद, त्यांचे सोम आणि सोमांचे अश्वराज. अश्वराजांच्या पत्नी कुमारदेवी. त्यांना लूणिग, मल्लदेव, वस्तुपाल व तेजपाल हे चार पुत्र. एवढ्यावर बहुतेक वंशावळी थांबल्या असत्या. ही थांबत नाही. या चौघांच्या सात बहिणींचीही नावे तेथे येतात. मंदिर कोणाच्या पुण्यार्थ, तर पत्नी अनुपमादेवी आणि पुत्र लावण्यसिंह यांच्या. सभोवतीच्या देवकुलिकांवरील लेखांतूनही घरातील स्त्रियांची नावे आढळतात. आठशे वर्षांपूर्वीच्या एका श्रावक कुटुंबाची माहिती आज इतक्या तपशिलाने मिळते. आणि आजच्या कित्येक सुशिक्षित घरांत पणजीचे माहेरचे नाव विचारले तर उत्तर मिळत नाही.

दगडावरचा लेख हा चारचौघांनी वाचावा म्हणून कोरलेला असतो. त्यात पुण्य असते, कीर्ती असते. घरात काय घडले, ते नसते. ते पाहावयाचे तर दुसऱ्या एका श्रावकाकडे वळले पाहिजे. कविवर बनारसीदास यांनी विक्रम संवत १६९८ मध्ये, इ.स. १६४१ च्या सुमारास, आग्र्यात ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र लिहिले. मनुष्याचे आयुष्य ११० वर्षांचे धरून आपली ५५ वर्षे म्हणजे अर्धी कथा, असा त्या नावाचा अर्थ. नाथूराम प्रेमी यांनी ते १९४३ मध्ये मुंबईहून प्रसिद्ध केले. बनारसीदासांनी रोहतकजवळच्या बिहोली गावापासून आरंभ केला आहे : गावावरून पडलेले बिहोलिया हे गोत्र, श्रीमाळ ज्ञाती, आजोबा मूलदास, वडील खरगसेन. मूलदास हे माळव्यात एका मोगल सरदाराचे मोदी होते. ते वारले तेव्हा सरदाराने घराला मोहोर लावून सारी मालमत्ता जप्त केली आणि त्यांची विधवा पत्नी लहानग्या खरगसेनला घेऊन जौनपूरला माहेरी गेली. व्यापारात आलेली खोट, स्वतःचे तारुण्यातील प्रमाद आणि एकामागून एक गेलेली नऊ अपत्ये, हे सारे त्यांनी आडपडदा न ठेवता नोंदविले. असे कोणी शिळेवर कोरत नाही.

पूर्वजांचा शोध म्हणजे या दोन प्रकारच्या लेखनांना एकत्र आणून बसविणे. एक लेखन चव्हाट्यावरचे : प्रतिमालेख, सरकारी दप्तर, शाळेचा दाखला. दुसरे घरातले : वही, पत्रिका, पंचांगाच्या समासातील टिपण. पहिले दुसऱ्याला साक्ष देते आणि दुसरे पहिल्यातील मौन भरून काढते. एकट्यावर विसंबणारा बहुधा फसतो.

कसा फसतो, याचे उदाहरण मंदिरातच आहे. महाराष्ट्रासह भारतभरच्या असंख्य दिगंबर मंदिरांत संवत १५४८, वैशाख सुदी ३ हा लेख असलेल्या प्रतिमा आहेत. शहा जीवराज पापडीवाल यांनी मुडासा नगरात भट्टारक जिनचंद्र यांच्या हस्ते या प्रतिमांची प्रतिष्ठा करविली आणि त्या गावोगावी पोहोचल्या. एखाद्या उत्साही तरुणाने गावच्या मंदिरातील असा लेख वाचून ‘१४९१ पासून आमचे घराणे याच गावी’ असा निष्कर्ष काढला तर तो दोन्ही बाजूंनी चुकेल : प्रतिमा बाहेरून आलेली आणि दाता दुसऱ्याच प्रदेशाचा. प्रतिमालेख वाचताना ज्ञाती, गोत्र, गाव, गच्छ किंवा गण आणि प्रतिष्ठाचार्य ही सर्व अंगे जुळवून पाहावी लागतात. विद्याधर जोहरापूरकर यांचा ‘भट्टारक संप्रदाय’ (१९५८) हा ग्रंथ या कामी फार उपयोगी पडतो, कारण भट्टारकांची परंपरा हाती असली की लेखाचा काळ आणि प्रदेश ताडून पाहता येतो. कारंजा येथे सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशी तीन पीठे नांदली. तेथल्यासारख्या हस्तलिखित भांडारांत पोथीच्या अखेरीस येणाऱ्या प्रशस्तीत पोथी लिहवून घेणाऱ्या कुटुंबाची नावे असतात. धातुप्रतिमांच्या लेखांप्रमाणेच येथेही ‘भार्या’ या शब्दापुढे पत्नीचे नाव वारंवार येते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आडनावाचा आधार आणखी कच्चा. दोशी म्हणजे कापड विकणारा, गांधी म्हणजे सुगंधी द्रव्ये व किराणा विकणारा, कोठारी आणि भंडारी हे कोठाराचे व भांडाराचे अधिकारी. हे सारे व्यवसाय आहेत, रक्ताचे नाते नव्हे. दक्षिण महाराष्ट्रातील पाटील, चौगुले ही वतनाची नावे, उपाध्ये हे पौरोहित्याचे. एकाच आडनावाची दोन घरे सर्वस्वी परकी असू शकतात आणि सख्ख्या चुलत घरांची आडनावे वेगळी असू शकतात. दप्तरातील जातीचा रकानाही असाच सैल. एकाच घरातील माणसे कोठे ‘जैन’, कोठे ‘वाणी’, कोठे ‘मारवाडी’ तर कोठे ‘चतुर्थ’ किंवा ‘पंचम’ म्हणून लिहिलेली सापडतात. लिहिणाऱ्या कारकुनाला जे ठाऊक, ते त्याने लिहिले. १९१४ मध्ये मुंबईहून निघालेली ‘श्री भारतवर्षीय दिगंबर जैन डिरेक्टरी’ आणि डॉ. विलास सांगवे यांचा १९५९ चा जैन समाजाचा अभ्यास यांवरून ज्ञाती-पोटज्ञातींचे हे जाळे समजते. पण त्यांतून घराणे सापडेल अशी अपेक्षा धरू नये. जनगणनेचेही तसेच. घरोघरची पत्रके १९४८ च्या जनगणना कायद्याने गोपनीय आहेत. बाहेर येतात ते केवळ आकडे.

मग नाव सापडते कोठे? तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात. गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी आहेत. शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव, जात, जन्मस्थळ आणि जन्मतारीख मिळते. तारखेवर मात्र फार भरवसा नको, कारण एकेका वर्गात निम्म्या मुलांचा जन्म १ जूनला झालेला असतो! मुंबई इलाख्यात विसाव्या शतकाच्या आरंभी हक्कनोंदणी सुरू झाली. तेव्हापासूनचे फेरफार हा तर खजिनाच. अनेक जिल्ह्यांतील जुने सातबारा आणि फेरफार आता स्कॅन होऊन संगणकावर पाहता येतात. मराठवाड्यात निजामी अमदानीची कागदपत्रे उर्दूत आणि फसली सनात आहेत. फसली सनात ५९० मिळविले की इसवी सन येतो, म्हणजे फसली १३४० हे १९३०-३१. शहरातील घरासाठी मालमत्ता पत्रक, खरेदीखतासाठी दुय्यम निबंधकाचे दप्तर आणि वतनदार घराण्यांसाठी पुण्याचे पेशवे दप्तर व कोल्हापूरचे पुराभिलेखागार. मंदिराच्या कारभाऱ्यांची नावे धर्मादाय कार्यालयात मिळतात. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानंतर प्रत्येक बदलाची नोंद तेथे होत आली आहे.

यात एक गंमत अशी की सर्वांत भरघोस वंशावळी भांडणातून जन्मल्या. वतनाचा हिस्सा, सामाईक भिंत, दत्तकाचा वाद, यांसाठी कोणी कचेरीत गेला की चार-पाच पिढ्यांची नावे साक्षीपुराव्यानिशी कागदावर उतरत. गुण्यागोविंदाने नांदलेल्या घराण्याचा इतिहास त्या मानाने लवकर पुसला जातो.

आता घरच्या वह्यांकडे. व्यापारी घराची वही ही केवळ नावे-जमेची नसे. रोजमेळात मुलीच्या लग्नाचा खर्च आहे, तीर्थयात्रेचे भाडे आहे, प्रतिष्ठेतील बोलीची रक्कम आहे, कोणाच्या तरी आजारपणात वैद्याला दिलेले रुपये आहेत. या नोंदींची अडचण लिपीची. महाराष्ट्रातील वह्या मोडीत, मारवाडातून आलेल्या घरांच्या महाजनी लिपीत आणि सीमाभागातील काही कानडीत. महाजनीत काना-मात्रा गाळण्याची रीत होती. ‘काकाजी अजमेर गये’ हे पत्र घरी ‘काकाजी आज मर गये’ असे वाचले गेले आणि रडारड झाली, ही कथा जुन्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाई. विनोद बाजूला ठेवला तरी ही लिपी सहज वाचणारे हात आता थोडे उरले आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर जुनी दप्तरे उघडली गेली, तेव्हा मोडी वाचकांची गरज सर्वांनाच उमगली. सरकारी दप्तराला निदान कुलूप असते. घरची वही वाडा पाडताना, दुकान हलविताना, दिवाळीच्या साफसफाईत रद्दीच्या तराजूत जाते.

दुसरी अडचण कालगणनेची, आणि ती जैन घरांत विशेष. वहीत विक्रम संवत, मंदिरात वीर निर्वाण संवत, लग्नपत्रिकेत शके आणि कचेरीत इसवी सन. गुजराती वहीचे वर्ष कार्तिकात बदलते, उत्तरेकडील पंचांगाचे चैत्रात. शिवाय उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्र-गुजरातेत अमावास्येला. म्हणून मारवाडची वैशाख वद ती येथील चैत्र वद्य. भगवान महावीरांची जन्मतिथी चैत्र शुद्ध १३ दोन्हीकडे एकच, कारण शुद्ध पक्षाला हा फरक लागत नाही. पण भगवान ऋषभदेवांची जयंती उत्तरेच्या पंचांगात चैत्र वद ९, तर मराठी पंचांगात तीच तिथी फाल्गुन वद्य ९ असते. आजोबांच्या जन्माची तिथी इंग्रजी तारखेत आणताना वही कोणत्या प्रांतीच्या माणसाने लिहिली, हे आधी ठरवावे. नाहीतर बरोबर एक महिन्याची चूक होते. खुद्द लूणवसहीच्या प्रशस्तीचे वर्ष ग्रंथांतून कोठे १२३० तर कोठे १२३१ असे दिलेले आढळते. तेथे घराघरांतील तिथ्यांची काय कथा!

आणि तिसरी गोष्ट, जिच्यापासून या विवेचनाचा आरंभ झाला. मुलींची. कोतवाल बुकात बहुधा ‘अमुक यास मुलगी झाली’ एवढेच असते, नाव नाही. घरोघरी छापून भिंतीवर लावलेल्या वंशवृक्षात फांद्या फक्त मुलग्यांच्या. लग्नानंतर नाव बदलण्याच्या चालीमुळे माहेरच्या कागदातील मुलगी आणि सासरच्या कागदातील सून ही एकच व्यक्ती आहे, हे ओळखण्याचा धागाही तुटतो. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू झाला आणि वडिलांच्या निधनानंतरच्या वारस नोंदीत मुलींची नावे येऊ लागली : पूर्ण नाव, पतीचे नाव, राहण्याचे गाव. तीन-चार बहिणी एका ओळीत. पुढचाच फेरफार पाहावा तर बहुतेक वेळी तो हक्कसोडपत्राचा असतो. भावांच्या लाभात हिस्सा सोडल्याच्या त्या कागदावर बहिणींच्या सह्या किंवा अंगठे आहेत. कित्येक घरांत आत्याचे पूर्ण नाव लिहिलेला तेवढा एकच कागद उपलब्ध आहे. पाषाणावर सात बहिणींची नावे कोरविणाऱ्या तेजपालांच्या समाजाची ही नोंद अस्वस्थ करणारी आहे.

ही उणीव भरून काढणारी साधने पुन्हा घरातच आहेत : माहेरून आलेली पत्रे, जन्मपत्रिका, तपश्चर्येच्या पारण्याच्या पत्रिका आणि हयात असलेल्या वृद्ध स्त्रिया. त्यांच्याशी बोलताना ‘वंशावळ सांगा’ असे म्हटल्यास त्या गप्प होतात. ‘लग्नात कोण कोण आले होते’ असे विचारल्यास दोन तास बोलतात. ऐकलेले आणि कागदावर पाहिलेले वहीत वेगवेगळे लिहावे. दत्तक, पुनर्विवाह, वाद, यांविषयी कळलेले सारेच छापण्यासाठी नसते. जे हयात आहेत त्यांची अनुमती आधी घ्यावी.

जुन्या वहीवर चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये. कोरड्या सुती कापडात बांधावी, प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे आणि बासनावर घराचे, गावाचे व संवताचे नाव घालावे. लग्नाच्या जुन्या छायाचित्रांच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने, दाब न देता, डावीकडून उजवीकडे उभ्या असलेल्यांची नावे लिहावीत. स्त्रियांची माहेरच्या नावासह आणि माहेरच्या गावासह.