उतरवून घेणं आणि लिहिणं



कॉलेजात आपण नोट्स सांगतो, मुली उतरवून घेतात, परीक्षेत ओकतात. याला लिहिणं म्हणायचं का? समाजशास्त्राच्या तासाला शेवटची दहा मिनिटं मी मुलींना लिहायला देते. आजचं काय पटलं? घरात काय दिसतं? त्याला गुण नाहीत. पुढचा तास त्यांच्याच प्रश्नांवरून सुरू होतो. ‘हुंडा ही कुप्रथा’ एवढंच पाठ असलेली मुलगी लिहिता लिहिता विचारते, ‘भावाबरोबर माझं नाव सातबाऱ्यावर का नाही?’

१८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ताने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. ‘ज्ञानोदया’ने तो छापला. आपलं दुःख मांडताना तिने त्याचा जाबही विचारला. शिकणं म्हणतात ते हेच. नोट्स कमी करा, कोरे कागद वाटा.