सूत्रातला वगळलेला अर्धा भाग



 या परिषदेचा अध्यक्ष म्हणून आज माझी तुमच्याकडे, शिक्षक आणि समुपदेशकांकडे, एक मागणी आहे आणि तिला वेळ लागणार आहे.

कुर्त लेविन यांनी १९३६ मध्ये एक सूत्र मांडले: माणसाचे वर्तन हे तो माणूस आणि त्याची परिस्थिती या दोहोंतून घडते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे पाठ असते. तरीही गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत काम करताना आपण त्या सूत्राचा अर्धाच भाग वापरत आलो आहोत. मूल वर्गात तोंड उघडत नाही, म्हणून ते मंद. बाई वाघाच्या जंगलात गेली, म्हणून ती बेफिकीर. तरुण दारूच्या नादी लागला, म्हणून तो मनाने दुबळा. परिस्थिती अहवालाच्या तळाशी एका ओळीत येते, तीही सवड झाली तर. मला बोलायचे आहे ते त्या वगळलेल्या अर्ध्या भागाबद्दल.

मुलांपासून सुरुवात करतो. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये बुद्धिमापनाची पहिली कसोटी तयार केली, ती शाळेत जादा मदत लागणारी मुले ओळखण्यासाठी. मिळालेला आकडा म्हणजे त्या मुलाची कायमची बुद्धी, असे मानायला त्यांचा विरोध होता. पुढे व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी ती कसोटी बसवली, त्यांचे पुस्तक १९४० मध्ये आले. आपल्याकडच्या मानसशास्त्रातले ते मोठे काम आहे आणि बिने-कामत कसोटी आजही वापरात आहे. पण ती बसवली मराठी आणि कन्नड मुलांसाठी. भामरागड किंवा एटापल्लीतले मूल घरी माडिया बोलते. मराठीशी त्याची गाठ अंगणवाडीत नाहीतर शाळेतच पडते. अशा मुलासमोर मराठी प्रश्न ठेवायचा, ते गप्प राहिले की शून्य मांडायचे आणि त्या शून्याच्या आधारे त्याच्या कपाळी मतिमंदत्वाचा शिक्का मारायचा, याला मी मापन म्हणणार नाही. हा अन्याय आहे.

लेव्ह वायगोत्स्की १९३४ मध्ये गेले तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. पण त्यांनी शिकवलेली एक गोष्ट आपल्याला इथे रोज लागते. मूल एकटे काय करते यापेक्षा जाणत्याच्या मदतीने ते कुठवर पोहोचते, ते पाहा. ही मदत मुलाला कळणाऱ्या बोलीतच द्यावी लागते. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये उभा राहिला आणि तीन वर्षांनी तिथे शाळा सुरू झाली. त्या शाळेत शिकून माडिया मुले पुढे डॉक्टर आणि शिक्षक झाली. मुले तीच, जंगल तेच. बदलली ती भोवतालची परिस्थिती.

आता तेंदूचा हंगाम डोळ्यांसमोर आणा. पहाटे पाने तोडून आणायची, मग सावलीत बसून घरातल्या सगळ्यांनी पुडे बांधायचे. आपल्या राज्यात एका पुड्यात ७० पाने, आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पाने जमा करण्याच्या जागी, मोजून द्यायचे. दहा-बारा वर्षांची मुलगी आईशेजारी बसून पाने लावते, पुडे मोजते, किती झाले आणि किती पैसे येतील हे तोंडी सांगते. जूनमध्ये तीच मुलगी वर्गात गुणाकाराला अडते आणि गणितात कच्ची ठरते. ब्राझीलच्या रेसिफे शहरात हाच प्रश्न अभ्यासला गेला. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बाजारात विक्री करणाऱ्या पाच मुलांनी ठेल्यावरचे ९८ टक्के हिशेब बरोबर केले. तसलेच हिशेब कागदावर आकड्यांत मांडून दिले तेव्हा ३७ टक्केच बरोबर आले. मुले पाचच होती, पण निष्कर्ष जगभर गेला. आपल्याकडे फळी तर गावोगाव आहे.

स्मृतीचेही तसेच. हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ करून विसरण्याचा आलेख काढला, ते वर्ष १८८५. आपल्या महाविद्यालयांत प्रात्यक्षिकाला अजून तेच अक्षरसमूह दिले जातात. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवून दिले होते की माणूस आठवतो तेव्हा अर्थ लावत, नव्याने रचत आठवतो, आणि ती रचना त्याच्या समाजाच्या साच्यातून होते. हे पडताळायला झाडीपट्टीसारखी जागा दुसरीकडे कुठे मिळेल? दिवाळीनंतर मंडई भरतात, वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरतात, नाटक रात्रभर चालते आणि दुसऱ्या दिवशी धानाच्या खळ्यावर त्याचे प्रवेश सांगितले जातात. कोणी काय गाळले, काय वाढवले, हे टिपून घ्यायला वही आणि कान पुरे आहेत. गोंड समाजात चार, पाच, सहा, सात देवांच्या सगा, म्हणजे कुळगट, असतात आणि सोयरिकी त्या हिशेबाने जुळतात. कोणत्या घराशी सोयरीक होते, कोणाशी होत नाही, हे जाणती माणसे न अडखळता सांगतात. अशा स्मृतीचा आलेख एबिंगहाउसच्या यादीवरून निघणार नाही.

वाघाबद्दल मला जरा थांबून बोलायचे आहे. सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल, चिमूर या भागातून मोह आणि तेंदूच्या दिवसांत हल्ल्यांच्या बातम्या येतात आणि प्रत्येक बातमीमागोमाग एक वाक्य हमखास ऐकू येते: सांगूनही ही माणसे जंगलात जातात. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण त्याच्या स्वभावात शोधायचे आणि परिस्थितीकडे काणाडोळा करायचा, या मानवी सवयीला ली रॉस यांनी १९७७ मध्ये आरोपणातली मूलभूत चूक म्हटले. जंगलात जाणाऱ्या त्या बाईची परिस्थिती काय असते? मोहफूल रात्री गळते, म्हणून उजाडायच्या आत झाडाखाली पोहोचावे लागते; उशीर झाला तर गुरे आणि रानातली जनावरे ते खाऊन टाकतात. तेंदूची तोडणी थोड्या दिवसांचीच. त्यातून हाती येणारी रोख खरिपाच्या तोंडावर बियाण्याला, लग्नाच्या उसनवारीला, मुलांच्या वह्यांना लागते. बाईला भीती असतेच. ती भीती मनात धरून, चार जणींच्या सोबतीने, एकमेकींना हाका देत ती आत शिरते. या धैर्याचा आणि या भीतीचा अभ्यास आपण करायला हवा. ज्या घरातली बाई गेली, त्या घरातल्या लेकरांच्या दुःखाकडेही पाहायला हवे. भरपाईचा धनादेश मिळाला की आपल्या लेखी ते प्रकरण संपते. मुलाला मात्र रात्री झोप येत नाही.

वर्तन बदलायचे कसे, याचेही उत्तर लेविन यांच्याकडेच आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाची टंचाई होती. गृहिणींनी हृदय, मूत्रपिंड असे न खाल्ले जाणारे भाग शिजवावेत, असा प्रयत्न चालला होता. व्याख्यान ऐकलेल्या गृहिणींपैकी ३ टक्क्यांनी ते केले. एकत्र बसून चर्चा करून निर्णय घेतलेल्या गटात ३२ टक्क्यांनी. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने हे लेविन न वाचता करून दाखवले. तिथे ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वसहमती होईपर्यंत बोलणे चालते, आणि त्यासाठी अभ्यासगट आधी विषय समजून घेतात. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्यांत आपण नेतृत्व, आत्मविश्वास, जबाबदारी एकेका माणसात मोजतो. इथे हे गुण गावाच्या बैठकीत तयार होताना दिसतात.

दारूच्या नादी लागलेल्या त्या तरुणाची परिस्थिती म्हणून दारूबंदीचेही पाहा. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. वैनगंगेच्या दोन काठांवर कायदा वेगळा, सवय एक. याहून चांगली प्रयोगशाळा कोण बांधून देणार?

म्हणून या अधिवेशनापुढे मी ठराव ठेवतो आहे. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाची बुद्धिमापन कसोटी त्याची बोली जाणणारी व्यक्ती सोबत असल्याखेरीज आपल्यापैकी कोणीही घेऊ नये; आणि घेतली, तर अहवालात कसोटीची भाषा आणि मुलाची घरची भाषा दोन्ही पहिल्या पानावर लिहावी. स्मृतीच्या प्रात्यक्षिकात निरर्थक अक्षरसमूहांच्या जोडीला एक मंडईतले नाटक किंवा एक सांगितलेली गोष्ट असावी. ज्या गावात संशोधन करायचे, तिथल्या ग्रामसभेची परवानगी आधी घ्यावी आणि जे सापडले ते त्याच ग्रामसभेत, त्यांच्या बोलीत, वाचून दाखवावे. चर्चेला दुपारचे सत्र मोकळे ठेवले आहे. दुरुस्त्या लिहून आणा.