निकालानंतरचे पंधरा दिवस

दहावीचा निकाल लागला की सुरतेतल्या लिंबायत, उधना, डिंडोलीच्या गल्ल्यांत पेढे फिरतात. ज्या घरातला मुलगा गणितात किंवा इंग्रजीत गेला, त्या घरात मात्र कोणी मोठ्यानं बोलत नाही. आठ-पंधरा दिवसांत मामा नाहीतर शेजारचा कोणी त्याला लूमच्या कारखान्यात घेऊन जातो आणि बारा तासांची पाळी सुरू होते. पहिला पगार हातात पडला की दप्तर माळ्यावर जातं. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पोटासाठी सुरतेत आलेल्या कितीतरी घरांना हा क्रम पाठ आहे.

सुरतेत शाळाच नाहीत, असं मुळीच नाही. महापालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत चालतात. पुढच्या वर्गांसाठी तिची ‘सुमन’ हायस्कूलंही आहेत. पण शिक्षणहक्काचा कायदा मुलाला आठवीपर्यंतच धरून ठेवतो. खरी घसरण त्यानंतर, नववी-दहावीत होते. तिथे एकदा पाय निसटला की परत चढायचं कुठून, हे सांगणारं जवळ कोणी नसतं.

चढायला जागा आहे. १९८९ साली केंद्र सरकारनं राष्ट्रीय मुक्त विद्यालय सुरू केलं. आज ते एनआयओएस म्हणून ओळखलं जातं. वय चौदा पूर्ण झालं की इथे दहावीला नाव घालता येतं, वरची अट नाही. पास व्हायला पाच विषय लागतात, त्यांत एक तरी भाषा हवी. गणित घेतलंच पाहिजे अशी सक्ती नाही. आधीच्या बोर्डात पास झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण इथे जमेला धरता येतात. परीक्षा वर्षातून दोनदा, आणि पाच वर्षांत नऊ संधी. एका बैठकीला दोनच विषय दिले तरी चालतात. सुरतकरांच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ही दहावी मराठीतूनही देता येते. रात्रपाळी करून आलेला, दुपारी झोपून उठलेला मुलगा संध्याकाळी दोन तास एकाच विषयाला देऊ शकतो. सगळ्या विषयांचा डोंगर एकदम उचलायची त्याच्यावर वेळ येत नाही.

शाळेनं मुलाच्या दिवसाप्रमाणे वाकावं, हा विचार आपल्याकडे नवा नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात कामकरी माणसांसाठी रात्रीची शाळा काढली होती.

वेळेइतकीच शिकवण्याची रीतही बदलावी लागते. हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधन सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम उभा केला. शाळा सुटलेली मुलं तिथे वर्षभर राहून ग्रामीण तंत्रज्ञान शिकतात. वेल्डिंग, सुतारकाम, विजेची फिटिंग, कोंबड्या, माती परीक्षण, सगळं हातानं. घुमटाकार घराचा सांगाडा जोडताना एक दांडी बोटभर आखूड निघाली की पुढचं भोक जुळत नाही. मग कोन आणि मोजमाप पुन्हा तपासावं लागतं. वहीत ज्या भूमितीनं रडवलं, ती इथे नट-बोल्टच्या जागी सापडते. त्या मुलांना बुद्धी नव्हती, असं म्हणायची मग कोणाची हिंमत होणार?

सुरतेतल्या मुलाकडे तर हातकाम आधीच असतं. तुटलेला धागा कुठे सांधायचा, एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर कोणती सुई अडते, हे तो महिनाभरात शिकतो. त्याला हवं असतं ते कागद भरून देणारं, जवळचं अभ्यासकेंद्र शोधून देणारं माणूस. हे काम त्याच्या जुन्या वर्गशिक्षकांइतकं चांगलं दुसरं कोणी करू शकणार नाही. कोण कोणत्या विषयात गेलं, त्याचा फोन नंबर काय, वडील किती वाजता घरी असतात, हे त्यांना ठाऊक असतं. निकाल लागला त्याच आठवड्यात, कारखान्यात नाव लागायच्या आत, त्यांनी त्या घरी एक फेरी मारावी. सोबत अर्ज न्यावा, आणि आईलाही जवळ बसवून घ्यावं.