इंद्रायणीच्या डोहातील महसीर



पुणे-नाशिक मार्गाने मोशीहून चाकणकडे जाताना इंद्रायणीचा पूल लागतो. अलीकडे पिंपरी-चिंचवडचे कारखाने, पलीकडे चाकणची औद्योगिक वसाहत आणि मधून देहूहून आळंदीकडे वाहणारी ही नदी. महसीर हा या नदीखोऱ्याचा जुना रहिवासी. कर्नल साईक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेतील या माशाचे वर्णन केले आणि शास्त्रीय नावात ‘खुद्री’ हे इथलेच नाव कायम ठेवले.

हा मासा रोहू-कटल्याच्या कुळातला. मोठे जाड खवले, मांसल ओठ आणि मिशांच्या दोन जोड्या ही त्याची ओळख. उन्हाळा तो खोल डोहात काढतो. पावसाळ्यात नदी वाहू लागली की प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोट्यांच्या, खडकाळ पात्रात अंडी घालतो. ही अंडी जड असल्याने तळाशी बसतात. रोहूची अंडी दिवसभराच्या आत फुटतात. महसीरच्या अंड्यांना सुमारे तीन दिवस लागतात. तेवढ्या अवधीत त्यांवर गाळ बसला, तर ती गुदमरतात. वाळूउपसा आणि बंधारे यांचा या माशाशी संबंध येतो तो इथे.

देहूच्या डोहात मासेमारी परंपरेने वर्ज्य आहे. जाळ्यापासून माशाला अभय मिळाले ते वारकऱ्यांच्या श्रद्धेमुळे. शासनाचा कायदा नंतरचा. परंतु मे २०२४ मध्ये याच देहूत मृत मासे पाण्यावर तरंगले आणि त्यांत महसीरही होते. सांडपाण्यातील घाण कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्ची पडतो. उन्हाळ्यात प्रवाह थांबलेला असतो, वर जलपर्णीचे आच्छादन असते. मग डोह हाच सापळा ठरतो.

याच नदीच्या उगमाकडे, लोणावळ्याला, टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात महसीरचे बीजोत्पादन केंद्र उभारले. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी यांचे या कामी मोठे साहाय्य झाले. फलित अंडी ओल्या कापसात ठेवून दूर पाठविता येतात, हेही तेथील प्रयोगांतून दिसून आले. मत्स्यबीज अन्य राज्यांतही गेले.

नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी पाणी तपासावयाचे ठरविल्यास एक गोष्ट ध्यानी ठेवावी. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते, रात्री तेही तो वापरते. म्हणून दुपारचा नमुना समाधानकारक दिसतो. नमुना घ्यावा तो पहाटे, सूर्योदयापूर्वी.