हवानातलं एक जेवण

(बुइटनव्हेल्डर्टच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचं टिपण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



गेल्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, "तू क्यूबाला जाऊन आली आहेस, तर तिथल्या समाजवादावर बोल." मी जीवरसायनशास्त्रातली बाई, माझा तो अधिकार नाही. एका जेवणावर मात्र बोलू शकते. शिवाय बाहेर पातेलं शिजतं आहे, त्यामुळे तुम्ही फार वेळ ऐकून घेणार नाही हेही मला ठाऊक आहे.

2016 साली एका कार्यशाळेसाठी मी हवानाला गेले होते. इथल्या दे बूलेलानवरच्या प्रयोगशाळेत जी उपकरणं बिघडली की आपण चिडून फोन करतो, ती तिथे लोक स्वतः उघडून, पुसून, तारा जोडून चालवत होते. शेवटच्या दिवशी माझ्या यजमान प्राध्यापिकेला मी म्हटलं, आज जेवण माझ्याकडून. ती मला वेदादो भागातल्या एका पालादारमध्ये घेऊन गेली.

पालादार म्हणजे घरगुती खानावळ. शब्दाचा अर्थ जिभेची चव. पण नाव आलं ब्राझीलच्या 'वाले तुदो' या दूरदर्शन मालिकेतून, तिच्या नायिकेच्या खानावळीचं ते नाव होतं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्यूबाची अर्थव्यवस्था दोन-तीन वर्षांत एक तृतीयांशाने आक्रसली. तेव्हा लोकांनी आपल्या बैठकीच्या खोलीत चोरून जेवणं घालायला सुरुवात केली. सरकारने 1995 मध्ये त्याला परवानगी दिली, पण खुर्च्या फक्त 12. गोमांस आणि लॉबस्टर वाढायला बंदी. 2011 मध्ये खुर्च्या 50 झाल्या. आम्ही बसलो तिथे भिंतीवर आजोबांचा फोटो, कोपऱ्यात शिवणयंत्र, आणि आतून कुकरची शिट्टी. मला क्षणभर दादरच्या एखाद्या घरगुती खानावळीत आल्यासारखं वाटलं.

आता जेवणाबद्दल. काळा घेवडा रात्रभर भिजवून मऊ शिजवलेला, त्याला कांदा, लसूण, ढोबळी मिरची, तमालपत्र आणि चक्क जिरं. तो भातात घालून शिजवला की त्याला म्हणतात 'मूर आणि ख्रिस्ती'. काळे दाणे मूर, पांढरा भात ख्रिस्ती. (स्पेनचा सातशे-आठशे वर्षांचा इतिहास एका ताटलीत, आणि तोही शांतपणे एकत्र शिजलेला!) कच्च्या केळ्याचे जाड काप, एकदा तळून, चपटे ठोकून, पुन्हा तळलेले. आणि युका, म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो, उकडून वर आंबट संत्र्याचा रस आणि लसूण. लसूण काढला तर उपासाला चालेल. गंमत अशी की आपलं उपासाचं ताट, म्हणजे साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची, हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. कोलंबसाच्या आधी आपले पूर्वज एकादशीला काय खात होते हे एकदा कोणीतरी शोधलं पाहिजे.

असो. 'रोपा विएखा' मागवलं. अर्थ 'जुने कपडे', कारण मांसाच्या चिंध्या झालेल्या असतात. मूळ पदार्थ गोमांसाचा, ताटात आलं मेंढीचं. मी कारण विचारलं. क्यूबात स्वतःची गायसुद्धा परवानगीशिवाय कापली तर तेव्हा 4 ते 10 वर्षं तुरुंग होता. 2021 मध्ये सरकारी वाटा दिल्यानंतर शेतकऱ्याला काही मुभा मिळाली. मी तिला सांगितलं की आमच्या महाराष्ट्रातही 2015 पासून बैल कापला तरी 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

"तुमच्याकडे का?" तिने विचारलं.

"धर्मासाठी. निदान सांगायला तरी शेतीसाठी."

"आमच्याकडे दुधासाठी," ती म्हणाली. "सात वर्षांखालच्या मुलांना रेशनवर दूध. मूल सात वर्षांचं झालं की दूध बंद."

त्यांचं रेशनकार्ड म्हणजे 'लिब्रेता', 1962 पासूनचं. माणशी महिन्याला 7 पौंड तांदूळ, थोडा घेवडा, साखर, तेल, वाटाण्याची भुकटी मिसळलेली कॉफी. माझं बालपण ऐंशीच्या दशकातलं, त्यामुळे दिवाळीचं पामतेल आणि रॉकेलची रांग आठवते. तिला रांग हा शब्द समजावून सांगावा लागला नाही.

बिल आलं 22 परिवर्तनीय पेसो. तेव्हा तिथे दोन चलनं होती, पर्यटकांचं आणि लोकांचं (ही पद्धत जानेवारी 2021 मध्ये बंद झाली). साध्या पेसोत हे झाले 550. देशातला सरासरी सरकारी पगार तेव्हा महिन्याला 700 ते 750 पेसो होता. मला 22 युरोपेक्षा कमी, म्हणजे इथल्या खेल्डरलांडप्लाइनवर दोघींच्या जेवणालाही पुरले नसते. आमच्या ताटल्या आणणारा मुलगा तिचाच माजी विद्यार्थी निघाला. तो तिच्यापेक्षा जास्त कमवत होता, आणि त्याला त्याची लाज वाटत होती असं मला वाटलं. कदाचित तो माझाच समज असेल.

मग तिने पिशवीतून घरून आणलेला प्लास्टिकचा डबा काढला आणि उरलेलं मांस त्यात भरलं. सावकाश, चमच्याने, रस्सासुद्धा. तेव्हा कळलं की ती अर्धंच जेवली होती. मी खिडकीबाहेर बघू लागले. माझी आई 1972 च्या दुष्काळात सांगोल्याकडे खडी फोडायला जायची. घरी रेशनचा लाल मिलो. कामावर मिळालेली सुकडी ती पदरात बांधून धाकट्या भावासाठी आणायची. ही गोष्ट मी इथे, या खोलीत, आज पहिल्यांदा सांगते आहे. वीस वर्षांत सांगावीशी वाटली नव्हती.

आपल्यातल्या काहींना क्यूबाबद्दल जुनी माया आहे. मलाही आहे. 1992 साली आपल्याकडच्या मार्क्सवाद्यांनी देशभर गहू गोळा करून तिथे 10,000 टनांचं जहाज पाठवलं, याचा अभिमान वाटतो. 1992-93 मध्ये तिथे 50,000 हून जास्त लोकांची नजर अधू झाली, पायांच्या नसा गेल्या. मुख्य कारण उपासमार आणि ब जीवनसत्त्वांची कमतरता. सरकारने सगळ्या देशाला जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाटल्या आणि साथ ओसरली. हे माझ्या विषयातलं आहे, म्हणून ठामपणे सांगते: असं घरोघर पोचणं फार थोड्या देशांना जमलं असतं. पण त्याच सरकारने शेतकऱ्याचं पीक ठरवलेल्या भावाने उचललं आणि शेतं ओस पडली. अमेरिकेचे निर्बंध 1962 पासून आहेत, ते क्रूर आहेत, आणि तरीही सगळा दोष त्यांच्या माथी मारता येत नाही. 2024 मध्ये क्यूबाला मुलांच्या दुधाच्या भुकटीसाठी जागतिक अन्न कार्यक्रमाकडे हात पसरावा लागला.

ती प्राध्यापिका आता माद्रिदमध्ये आहे. एका वृद्धेची देखभाल करते. तिची आई हवानातच आहे. मागच्या महिन्यात तिने मला घेवड्याची कृती लिहून पाठवली, पाणी किती बोटं वर ठेवायचं इथपर्यंत. बाहेरच्या पातेल्यात तोच आहे. केळी आणि युका सुरीनामी दुकानातून आणली. आणि हो, लसूण भरपूर घातला आहे, उपासवाल्यांनी क्षमा करावी.