परीक्षा, सुटी आणि मृगाचा महिना



ज्युबिलीच्या या समारंभांत महाविद्यालयांत शिकणाऱ्या आम्हां मुलामुलींस चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, आणि विषय देण्यांत आला तो "विद्यार्थिजीवन." या विषयावर बोलावयास उभा राहिलेला मनुष्य बहुधा आरंभींच सांगून टाकतो कीं, विद्यार्थिदशा हा आयुष्यांतील सुवर्णकाळ होय. ज्यांची विद्यार्थिदशा संपून वीस वर्षें झालीं आहेत त्यांस तसें वाटणें स्वाभाविक आहे, व त्यांच्याशीं वाद घालण्याचें आम्हांस कारण नाहीं. आम्ही अद्याप त्या काळाच्या आंतच आहोंत. आम्हांस त्याचें सोनें दिसण्यापूर्वीं त्याचे महिने दिसतात. त्यांपैकीं एप्रिल, मे आणि जून या तीनच महिन्यांविषयीं बोलावें असें आम्हीं ठरविलें आहे. कारण आमच्या जळगांव जामोद तालुक्यांतला मुलगा किंवा मुलगी पुढें शिकणार कीं नाहीं, याचा खरा निकाल गुणपत्रिकेवर लागत नाहीं. तो या तीन महिन्यांत घरांतल्या ओसरीवर लागतो.

आमचें गांव सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेलें; आगगाडी गांठावयाची तर नांदुऱ्यास जावें लागतें. १९०५ सालीं हा तालुका अकोला जिल्ह्यांतून काढून बुलढाणा जिल्ह्यास जोडण्यांत आला. पण शिक्षणाच्या आणि बाजाराच्या वाटा सरकारी कागदाप्रमाणें वळत नाहींत. बुलढाणा घाटावर राहिलें; आमचीं मुलें अजूनहि खामगांव, अकोला, अमरावती याच वाटेनें जातात. १९२३ पूर्वीं या प्रांतांत विद्यापीठच नव्हतें. त्या वर्षीं ४ ऑगस्टला नागपूर विद्यापीठ स्थापन झालें, आणि त्याच वर्षीं अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघालें. पुढें १ मे १९८३ रोजीं अमरावतीचें स्वतंत्र विद्यापीठ झालें. आतां तालुक्याच्या गांवींहि पदवीपर्यंत शिकतां येतें. विद्यापीठ असें पायरीपायरीनें आमच्या जवळ आलें खरें. परंतु ज्यास हवा तो विषय गांवांत नाहीं, त्यास बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघावेंच लागतें.

त्या बिऱ्हाडाचें वर्णन आमच्या मातांस सांगावयास नको, कारण त्याचा अर्धा भाग त्यांच्याच स्वयंपाकघरांतून गेलेला असतो. एका खोलींत चौघे, एक गॅसची शेगडी, एक कुकर, आणि भिंतीवर कोणाची भांडीं घासण्याची पाळी कोणत्या वारीं, याचें वेळापत्रक. हें वेळापत्रक कॉलेजच्या वेळापत्रकापेक्षां अधिक काटेकोरपणें पाळलें जातें. खानावळ परवडते त्यांस खानावळ. न परवडे त्यांस सकाळीं खिचडी आणि रात्रीं खिचडी. आणि मग कधींतरी गांवाकडून एस.टी.तून डबा येतो. वरून फडकें घट्ट बांधलेलें, त्यावर नांव लिहिलेलें; आंत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, लोणचें, आणि एखादे वेळीं तळाशीं घडी करून ठेवलेली नोट. तो डबा घेण्यास स्थानकावर अर्धा तास आधीं जाऊन उभा राहणारा मुलगा वर्गांत कदाचित् पांच मिनिटें उशिरां येत असेल; पण त्यास वेळेची किंमत कळत नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. डबा एकाचा आणि जेवणारे चौघे. कोणाच्या घरचें लोणचें कसें असतें हें आम्हांस एकमेकांच्या आडनांवांआधीं ठाऊक होतें. महाविद्यालयीन जीवनांत बंधुभाव शिकतां येतो असें पुस्तकांत लिहिलेलें असतें. आम्हीं तो त्या लोणच्यावर शिकलों.

असो. आतां परीक्षेकडे वळूं. आमच्या विद्यापीठाच्या परीक्षांस "हिंवाळी परीक्षा" आणि "उन्हाळी परीक्षा" अशीं नांवें आहेत. पूर्वीं वर्षास एकच परीक्षा असे. ती संपली कीं पुस्तकें माळ्यावर जात, आणि जून उलटेपर्यंत विद्यार्थी मोकळा असे. सत्रपद्धति आल्यापासून वर्षाचे दोन तुकडे झाले, आणि दुसऱ्या तुकड्याची परीक्षा ऐन उन्हाळ्यांत सरकली. एप्रिलच्या अखेरीपासून पारा ४३-४४ अंशांवर जातो. दिवसा खोलीचें छप्पर तापतें आणि रात्रीं तें आपली उष्णता खालीं सोडतें, म्हणून मुलें गच्चीवर सतरंज्या टाकून मोबाइलच्या उजेडांत वाचीत बसतात. वीज गेली तर एकमेकांस प्रश्न विचारून तोंडी उजळणी होते, आणि ती पुष्कळदां छापील टिपणांपेक्षां अधिक उपयोगी पडते. याच दिवसांत गांवोगांव लग्नें निघतात. चुलत बहिणीच्या हळदीस न आलेल्या मुलाविषयीं भावकीत काय बोललें जातें, तें येथें सांगत नाहीं. वडील मंडळींस एवढीच विनंती कीं, परीक्षेचें वेळापत्रक आम्ही ठरवीत नाहीं, आणि मुहूर्त काढतांना तें कोणी विचारात घेत नाहीं.

याच दिवसांत अक्षय्य तृतीया येते, आणि आपल्या तालुक्यांतल्या भेंडवळकडे साऱ्या वऱ्हाडाचे कान लागतात. पूर्णाकांठच्या त्या गांवीं सायंकाळीं शेतांत घट मांडतात. मधल्या खळग्यांत मातीचीं चार ढेकळें, पावसाच्या चार महिन्यांचीं. त्यांवर पाण्यानें भरलेला करा. भोंवतीं वर्तुळांत अठरा प्रकारचीं धान्यें. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाहीं; पहाटे त्यांतले फरक पाहून पावसाचें व पिकांचें भाकित सांगतात. ही परंपरा तीनशें वर्षांहून जुनी समजली जाते. हवामानशास्त्र तिला मान्यता देत नाहीं, आणि आम्हीहि देत नाहीं. ढेकूळ भिजलें म्हणून ढग भिजत नाहीं, इतकें विज्ञान आम्हांस वर्गांत शिकविलें आहे. तरी त्या पहाटे तेथें जमलेल्या शेतकऱ्यांस हंसणारा विद्यार्थी आम्हांस आवडत नाहीं. ते लोक काय ऐकावयास आलेले असतात? आषाढांत पाणी पडेल काय, आणि कपाशी तगेल काय, हें. आणि त्या प्रश्नाच्या पोटांत आणखी एक प्रश्न असतो, तो आमचा: मुलाच्या दुसऱ्या वर्षाची फी निघेल काय?

सुटी हा शब्दच आमच्याकडे कोठून आला, याचा थोडा विचार करण्यासारखा आहे. इंग्रजी अमदानींत मध्यप्रांताचें सरकार उन्हाळ्यांत पचमढीस जात असे, आणि वऱ्हाडांतल्या साहेबलोकांस चिखलदरा होतें. उन्हापासून पळूं शकणाऱ्यांच्या सोयीची ही सुटी. शेतकऱ्याच्या घरीं वैशाख हा विश्रांतीचा महिना कधींच नव्हता. पऱ्हाट्या उपटावयाच्या, धसकटें वेंचावयाचीं, शेणखत टाकावयाचें, नांगरट आणि वखरणी करून रान मृगासाठीं तयार ठेवावयाचें. तें सर्व याच उन्हांत. खारपाणपट्ट्यांतल्या गांवांत त्यांत गोड्या पाण्याची पायपीट आणखी. तेव्हां परीक्षा देऊन घरीं आलेला मुलगा दुसऱ्या दिवशीं पहाटे वखरामागें गेला, तर त्यांत नवल नाहीं. नवल त्याचें वाटावें, जो महिनाभर पंख्याखालीं मोबाइल छातीवर ठेवून पडून राहतो आणि थकलों म्हणून सांगतो. असे कांहीं आमच्यांतहि आहेत. त्यांचीं नांवें त्यांच्या आयांस माहीत आहेत.

आणि मग जून लागतो. सात किंवा आठ तारखेस मृग नक्षत्र निघतें. उर्वरित महाराष्ट्रांत शाळा त्या महिन्याच्या मध्यास उघडतात, विदर्भांत उन्हामुळें त्याहून उशिरां. परंतु प्रवेशाची आणि फीची धांवपळ सगळीकडे सुरू झालेली असते. म्हणजे शेताचें वर्ष आणि कॉलेजचें वर्ष एकाच पंधरवड्यांत उघडतें, आणि दोन्हीं एकाच पिशवीकडे हात पुढें करतात. २०२५ च्या खरिपांत बी.टी. कपाशीच्या एका पाकिटाची सरकारनें ठरविलेली कमाल किंमत ९०१ रुपये होती. एकरीं दोन पाकिटें धरलीं, तर पांच एकरांस नऊ हजारांवर रुपये नुसत्या बियाण्याचे झाले. खत, मजुरी, फवारणी हें पुढेंच. नेमक्या त्याच दिवशीं मुलगी अमरावतीहून फोन करते कीं, प्रवेश निश्चित करण्याची मुदत अमुक तारखेस संपते. बियाणें थांबवितां येत नाहीं, कारण पेरणी चुकली तर वर्ष गेलें. मुदत थांबवितां येत नाहीं, कारण तीहि चुकली तर वर्षच गेलें. घरांत पैसा येणार तो कापूस वेंचून विकल्यावर, दिवाळीच्या पुढें. बाप ओसरीवर बसून हिशेब करतो, आणि तो हिशेब कोणत्याहि गणिताच्या प्रश्नपत्रिकेपेक्षां अवघड असतो.

कधीं तर पेरणीवरचा खर्चहि हातीं राहत नाहीं. २२ जुलै २०२३ रोजीं आपल्या व संग्रामपूर तालुक्यांत जी अतिवृष्टि झाली, ती येथें कोणास आठवून द्यावयास नको. नद्या पात्र सोडून शिरल्या, उगवलेलीं पिकें मातीसकट खरडून गेलीं. तो महिना प्रवेशांचाहि होता.

यावर कोणी म्हणेल कीं, सरकारी शिष्यवृत्त्या आहेत. आहेत, व त्यांचें महत्त्व आम्ही कमी करीत नाहीं. ज्या कुटुंबांचें वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आंत आहे, त्यांतल्या आर्थिकदृष्ट्या व सामाजिकदृष्ट्या मागास गटांच्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय जुलै २०२४ मध्यें झाला. हें थोर काम झालें. परंतु खोलीचें भाडें, खानावळ आणि प्रवास हीं त्यांत येत नाहींत. बारावीपर्यंत गांवाकडच्या मुलीस एस.टी.चा पास फुकट असतो. ती महाविद्यालयांत गेली कीं सवलतीच्या पासाचेहि पैसे भरावे लागतात. आणि महाडीबीटीवरून येणारी रक्कम बहुधा मागाहून येते. जूनमध्यें लागणारा पैसा पुढच्या वर्षीं मिळाला तर तो मिळतो खरा, पण जूनचा प्रश्न सोडवीत नाहीं. अशा वेळीं घरांतल्या दोघांपैकीं एकास थांबवावयाचें ठरलें, तर कोणास थांबवितात हें आम्हीं सांगावयास पाहिजे काय? "भावाचें होऊं दे, तुझें पुढच्या वर्षीं पाहूं," असें तिला सांगतात. तें पुढचें वर्ष बहुधा लग्नपत्रिकेवर येतें.

या प्रसंगीं आम्हांस दोन नांवें आठवतात. पापळ गांवच्या शेतकऱ्याचा मुलगा पंजाबराव देशमुख विलायतेंत एडिंबरो आणि ऑक्सफर्ड येथें शिकून परत आला. १९३२ सालीं त्यांनीं अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, हें सर्वांस ठाऊक आहे. पण त्याआधीं त्यांनीं श्रद्धानंद छात्रालय काढलें होतें. गांवाकडून येणाऱ्या मुलानें रात्रीं निजावें कोठें आणि जेवावें काय, हा प्रश्न त्यांनीं कॉलेजाच्या आधीं हातीं घेतला, यांत त्यांचें शेतकऱ्याच्या घरचें शहाणपण दिसतें. दुसरे भाऊराव पाटील. १९१९ सालीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९४७ सालीं साताऱ्यास निघालेल्या त्यांच्या छत्रपति शिवाजी कॉलेजांत मुलें श्रम करून शिकलीं. तेथें घाम गाळल्याबद्दल कोणाची मान खालीं गेली नाहीं.

म्हणून आमचें मागणें स्पष्ट सांगतों. कापूस विकला जातो त्या दिवशीं घरांत थोडा वेळ पैसा असतो. त्याच दिवशीं जूनच्या फीचा वांटा बाजूस काढून पोस्टांत किंवा बँकेंत मुलाच्या, आणि मुलीच्याहि, नांवें ठेवावा. तो लग्नाच्या मांडवास लावूं नये. आम्हीं मुलांनीं आपल्याकडून असें ठरविलें आहे कीं, परीक्षा संपल्यापासून मृगापर्यंत घरच्या शेतांत, अथवा घरचें काम नसेल तर दुसरीकडे, रोजानें काम करावें आणि ती मजुरी फीसाठींच राखावी.

आणि तिसरी गोष्ट आपणां सर्वांची आहे. ज्युबिलीचा मूळ शब्द लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत आहे, आणि तेथें तो जमिनीविषयीं व कर्जबाजारी माणसाविषयीं आहे, हें फादरांनीं आपणांस पूर्वीं सांगितलें आहेच. या समारंभाचा खर्च भागून वर्गणीपैकीं कांहीं रक्कम उरेल, तर तिचा एक लहानसा फिरता निधि करावा. जूनच्या पहिल्या आठवड्यांत त्यांतून फीपुरती रक्कम बिनव्याजी द्यावी, आणि जानेवारी अखेर, कापूस विकल्यावर, ती परत घ्यावी. म्हणजे तोच पैसा पुढच्या जूनमध्यें दुसऱ्याच्या कामीं येईल. दान नको, कारण दान एकदांच होतें आणि घेणाराची नजर खालीं जाते. पीक बुडालें तर मुदत एक वर्ष वाढवावी. पैसे देतांना मुलींचे अर्ज आधीं उघडावे. हिशेबाची वही कोणासहि पाहतां यावी.

येत्या जूनमध्यें ज्यांस फीची अडचण पडणार आहे त्यांची यादी आम्हीं तयार केली आहे. तींत नांवें घातलेलीं नाहींत. फक्त वर्ग, गांव आणि लागणारी रक्कम आहे. वाचनालयाच्या टेबलावर ती आजपासून रविवारपर्यंत ठेवली आहे, आणि तिच्या शेजारीं कोरी वही व पेन ठेवलें आहे.