दुरुस्तीनंतरचा मंद गारवा

मोटारीच्या वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर वा कंडेन्सर बदलून आणल्यावरही कोमट वाराच येत राहिला, तर नव्या भागाला दोष देण्यापूर्वी कंडेन्सरचा पंखा फिरतो की नाही हे पाहावे, आणि मग नळ्यांत वायू किती व कोणत्या रीतीने भरला गेला, याची चौकशी करावी. बॉनेटखालील पट्टीवर त्याचे वजन नमूद असते. पुष्कळ लहान मोटारींत ते ५०० ग्रॅमहूनही कमी असल्याने १०० ग्रॅमची तफावतदेखील जाणवते. कमी वायूने गारवा घटतो हे सर्वश्रुत आहे. अधिक भरल्यानेही दाब चढून तोच परिणाम होतो, हे मात्र फारसे कोणी ध्यानात घेत नाही.

याहून फसवी बाब आर्द्रतेची. व्हॅक्यूम पंप पुरेसा वेळ न चालवताच वायू भरला, तर आत राहिलेले पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या सूक्ष्म छिद्रापाशी गोठते. म्हणून प्रारंभी उत्तम गार वारा येतो, काही मिनिटांनी तो कोमट होतो, आणि यंत्र थोडा वेळ बंद ठेवताच पूर्ववत गार होतो. हे लक्षण दिसल्यास ड्रायर बदलून, नळ्या पुन्हा निर्वात करवून घ्याव्यात, आणि वजन करून भरलेल्या वायूची नोंद पावतीवर अवश्य मागावी.